समजा, ती संख्या क्ष आहे!

एकाच टाकीला लावलेले दोन नळ, प्रवाहाच्या उलट दिशेनं हट्टानं वल्हवणारा नावाडी आणि दर पाच वर्षांनी मुलाच्या वयाशी आपलं वय ताडून बघणारा बाप. शाळेच्या गणितात भेटलेली ही मंडळी पुढे आयुष्यात कुठे दिसत नाहीत. त्यांच्या मागे उभे असलेले लेखनिक, गवंडी, मास्तर आणि फलंदाज मात्र अगदी खरे आहेत. गणित भाग १, भाग २ आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उरकलेली सांख्यिकी, यांतल्या त्यांच्या या निवडक करामती. मार्क नाहीत, वेळही लावलेली नाही. युक्ती बहुतेक ठिकाणी एकच: जे ठाऊक नाही त्याला नाव द्यायचं, कामाला लावायचं, आणि काम झालं की बहुतेकदा ते आपलं आपण निघून जातं.

भाग १: बीजगणित

आधी चुका, मग सोडवा

आहमोस नावाच्या इजिप्ती लेखनिकानं इ.स.पू. १५५० च्या सुमारास एका पपायरसवर ऐंशीच्या वर उदाहरणं उतरवून काढली, तीही त्याहून जुन्या लिखाणावरून. हा पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं चोविसावं उदाहरण असं: एक संख्या आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर संख्या कोणती? त्या काळी क्ष नव्हता. म्हणून युक्ती अशी की समजा, संख्या ७ आहे. मग ७ आणि १ मिळून ८. हवेत १९. म्हणजे ८ चे १९ करायला जितक्या पट लागतील, तितक्याच पट ७ ला वाढवा. उत्तर १६ पूर्णांक ५/८. मुद्दाम चुकीचं उत्तर धरायचं आणि ते किती चुकलं यावरून बरोबर उत्तर काढायचं. आज पेपरात असं लिहिलं तर मार्क मिळतील की नाही, ते तपासणाऱ्यावर अवलंबून!

रंगीत अज्ञात

भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिली अज्ञात राशी ‘यावत्तावत्’. दुसरी, तिसरी लागली की रंगांची पेटी उघडायची: काळक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त या, का, नी, पी, लो. अज्ञातासाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरं आणि माहीत असलेल्यांसाठी सुरुवातीची, ही आजची वहिवाट फ्रान्सच्या देकार्तनं १६३७ च्या आपल्या भूमितीच्या ग्रंथातून पाडली.

दोन समांतर रेघा

बरोबरचं चिन्ह वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ मध्ये छापलं. ‘बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर रेघांहून एकमेकींना जास्त बरोबर काय असणार, असा त्याचा सवाल. पुढच्याच वर्षी, कोर्टानं ठोठावलेली भरपाई देता न आल्यानं तो तुरुंगात मरण पावला. जगाच्या समीकरणांच्या दोन्ही बाजू जुळवून देणाऱ्याला स्वतःचा जमाखर्च काही जुळवता आला नाही.

मोर, साप आणि चाळीसगाव

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’तलं एक उदाहरण. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून २७ हातांवर आहे आणि घराकडे निघालाय. मोर तिरकी झेप घेतो आणि दोघं सारखंच अंतर कापून भेटतात. कुठे? बिळापासून क्ष हातांवर म्हणा. सापानं कापलेलं अंतर २७ वजा क्ष, आणि तेवढाच मोराचा कर्ण. वर्ग मांडले की दोन्हीकडचा क्षवर्ग उडतो आणि उत्तर येतं १२ हात. मोराची झेप १५ हातांची. म्हणजे ९, १२, १५: आपलं ३, ४, ५ च तिप्पट होऊन आलेलं.

याच आचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. तशी नोंद असलेला १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथे भाऊ दाजी लाड यांना सापडला. त्यातला काही मजकूर चक्क मराठीत आहे. गणिताच्या क्लासची एवढी टिकाऊ पाटी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

औटकी येते का?

आजची मुलं तिसापर्यंत पाढे म्हणून थांबतात. पणजोबांना मात्र पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही म्हणावी लागे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा कशाला? कारण रुपयाचे आणे १६, पैसे ६४ आणि पै १९२. बाजारात उभ्याउभ्या हिशेब करायचा तर अपूर्णांक जिभेवरच हवा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि औटकीला सक्तीची निवृत्ती मिळाली.

देवळालीच्या मास्तरांचा सापळा

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत. त्यांचा खेळ असा: चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. महाराष्ट्र राज्य स्थापनेचं साल घेऊ, १९६०.

९६१० − ०१६९ = ९४४१
९४४१ − १४४९ = ७९९२
९९७२ − २७९९ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता पुढे काहीही करा, ६१७४ च येत राहतं: ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. कुठलीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत या सापळ्यात अडकते. आपल्या १९६० नं अगदी शेवटपर्यंत झुंज दिली.

यात शाळेतलं बीजगणित कुठे आहे? उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड माना. वजाबाकी होते ९९९ (अ − ड) अधिक ९० (ब − क). दोन्ही पदांना ९ नं भाग जातो, त्यामुळे प्रत्येक पायरीवरचं उत्तर नऊच्या पाढ्यातलंच असतं. वरची सातही उत्तरं तपासून बघा. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात या खेळाबद्दल लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगभर पोचले.

झेरॉक्सच्या कागदात लपलेलं वर्गमूळ

ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब, २१० रुंद. असे विचित्र आकडे का? कारण अट अशी होती की कागद मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहिलं पाहिजे. रुंदी १ आणि लांबी क्ष धरून समीकरण मांडलं की क्षवर्ग बरोबर २ येतं, म्हणजे प्रमाण २ च्या वर्गमुळाइतकं. ए-झीरो कागद एक चौरस मीटरचा आणि त्याचे सोळा ए-फोर होतात. म्हणून ८० जीएसएमचा एक ए-फोर भरतो ५ ग्रॅम आणि पाचशे कागदांचं रीम अडीच किलो. काटा नको, भागाकार पुरे.

जाता जाता: २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करा, बेरीज पुन्हा २९७! अशा संख्यांनाही कापरेकरांचंच नाव आहे. ४५ ही त्यातलीच: वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५.

सेलची पाटी

‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० टक्के नव्हे. उरलेल्या निम्म्यावर वीस टक्के, म्हणजे एकूण ६०. मूळ किंमत कितीही असो, ती क्ष धरली की उत्तरातून बाहेर पडते. आणि २५ चे ८ टक्के तोंडी जमत नसतील तर ८ चे २५ टक्के काढा. दोन्ही दोनच.

भाग २: भूमिती

पृथ्वीचा कमरपट्टा

पृथ्वी अगदी गोल समजून विषुववृत्तावर घट्ट दोरी बांधली. लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर. आता त्यात फक्त एक मीटर दोरी जोडली आणि सगळीकडून सारखी उचलून धरली. खालून काय जाईल? मुंगी? चक्क मांजर! दोरी जवळजवळ १६ सेंटिमीटर वर येते. परीघ म्हणजे २ पाय गुणिले त्रिज्या. परीघ एकानं वाढला की त्रिज्या १ भागिले २ पाय इतकी वाढते, आधीची त्रिज्या काहीही असो. हाच प्रयोग क्रिकेटच्या चेंडूवर केला तरी फट तेवढीच. पृथ्वी केवढी आहे हे या उदाहरणात कुणी विचारतच नाही.

गवंड्याचा पायथागोरस

पाया आखताना गवंडी एका बाजूला ३ फुटांवर खूण करतो, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर, आणि टेप तिरका लावून ५ फूट भरले की म्हणतो, गुण्यात आहे, म्हणजे काटकोनात. वेदकाळातल्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखणारेही दोरी घेऊन हेच करत आणि बौधायनानं कर्णाचा नियम सांगूनही ठेवला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बॅबिलोनची सुमारे ३८०० वर्षांपूर्वीची मातीची पाटी आहे. तिच्यावर ११९, १२०, १६९ अशा त्रिकुटांचं कोष्टक मांडलेलं आहे. पायथागोरसचा जन्म व्हायला तेव्हा हजारावर वर्षं बाकी होती.

राष्ट्राध्यक्षांची सिद्धता

या प्रमेयाच्या साडेतीनशेहून जास्त सिद्धता एलिशा लूमिस या अमेरिकी शिक्षकानं एका पुस्तकात गोळा केल्या. एक आहे जेम्स गारफिल्ड यांची. ते खासदार असताना १८७६ मध्ये ती छापून आली, आणि १८८१ मध्ये ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ दोन प्रकारे काढून प्रमेय सिद्ध केलं, म्हणजे नववीच्या मुलालाही झेपेल असं. यादी अजून बंद झालेली नाही. न्यू ऑर्लिन्सच्या कॅल्सिया जॉन्सन आणि नेकाया जॅक्सन या शाळकरी मुलींनी त्रिकोणमितीतून नवी सिद्धता शोधून २०२३ मध्ये गणितज्ञांच्या परिषदेत मांडली. सुरुवात कशी झाली? शाळेच्या स्पर्धेतल्या बोनस प्रश्नापासून.

सात ते एक ठिपके

रांगोळीच्या पुस्तकातली सूचना: मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली पाच, तीन, एक. एकूण किती? मोजू नका. ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून दोन रंगांत रंगवा आणि मान तिरकी करून बघा. एका रंगाचा ४ × ४ चा चौरस दिसेल आणि त्याच्या पोटात दुसऱ्या रंगाचा ३ × ३ चा. १६ अधिक ९ म्हणजे २५, म्हणजे ५ चा वर्ग. गवंड्याचे ३, ४, ५ दारातही हजर! हा वर्गाचा योगायोग सात ठिपक्यांचा, पण दोन चौरसांची युक्ती कुठल्याही विषम संख्येला चालते. मधे नऊ असतील तर २५ अधिक १६, म्हणजे ४१.

पिझ्झ्याचं महत्त्वमापन

बारा इंची पिझ्झा संपलाय, त्याऐवजी आठ इंची दोन देऊ? नको म्हणा. व्यासांचे वर्ग करा: ६४ अधिक ६४ बरोबर १२८, आणि बाराचा वर्ग १४४. दोन छोटे मिळूनही एका मोठ्यापेक्षा कमीच. पाय दोन्हीकडे आहे, म्हणून उडून जातो.

न डगमगणारं तिपाई स्टूल

चार पायांचं टेबल हॉटेलात डुगडुगतं आणि मग पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागते. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही, कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. छपराला सुतार त्रिकोणी कैची बसवतात त्यामागेही भूमितीच. चौकोन बाजू न बदलता कलंडू शकतो. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोनही ठरले.

एव्हरेस्टवर न चढता

१८४९-५० मध्ये सर्वेक्षकांनी शंभर मैलांहून लांबून, सपाटीवर उभं राहून ‘शिखर क्रमांक १५’चे कोन मोजले. राधानाथ शिकदार यांनी आकडेमोड केली आणि १८५६ मध्ये उंची जाहीर झाली: २९,००२ फूट. मीटरमध्ये सुमारे ८८४०. २०२० ची अधिकृत उंची ८८४८.८६ मीटर. शिखरावर माणसाचा पाय पडायच्या जवळजवळ शतकभर आधी, कोन आणि त्रिकोणमितीच्या जोरावर काढलेलं उत्तर नऊ मीटरनं चुकलं. ‘दहावीनंतर साइन-कोसाइन कुठे लागतं’ असं विचारणाऱ्याला हा आकडा सांगावा.

आणि सांख्यिकी

चार धावा, दहा धावा

१४ ऑगस्ट १९४८, ओव्हलचं मैदान. ब्रॅडमन शेवटच्या कसोटीत खेळायला उतरले आणि दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाले. कारकीर्द: ६९९६ धावा, ८० डाव, त्यांपैकी १० वेळा नाबाद. सरासरी काढताना भागायचं ते बाद झालेल्या डावांनी, म्हणजे ७० नं. उत्तर ९९.९४. चारच धावा आणखी झाल्या असत्या तर ७००० भागिले ७०, सरासरी बरोबर १००. छेदात ८० घातले असते तर ८७.४५, आणि कुणाला हळहळही वाटली नसती.

त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. प्रथम श्रेणीतला विक्रम ब्रॅडमन यांचाच होता, नाबाद ४५२ चा. मोडायला दहा धावा हव्या होत्या. एवढ्यात काठेवाडनं सामनाच सोडून दिला! या एकाच डावाची सरासरी काढायला जावं तर ४४३ भागिले शून्य. अशा राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटलं आणि ती अनंत मानली. आजचं गणित म्हणतं, अशी भागाकाराची कृतीच नाही. पुणेकर भास्कराचार्यांच्या बाजूनं.

१ जूनचा बहुलक

तेवीस जण एकत्र आले की त्यांच्यापैकी कुणा दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. साठ मुलांच्या वर्गात ती ९९ टक्क्यांच्या वर जाते. विश्वास बसत नाही, कारण आपण मनात स्वतःच्या तारखेशी जुळणारा माणूस शोधतो. जुळायची असते ती कुठलीही जोडी, आणि २३ जणांत जोड्या होतात २५३.

हा हिशेब सगळ्या तारखा सारख्या वाटल्या गेल्यात असं धरतो. महाराष्ट्रात जुन्या पिढीच्या बाबतीत तो साफ कोसळतो. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकत. त्यामुळे निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर बहुलक कोणता, हे सांगायला वारंवारता सारणी लागत नाही.

बैल आणि मध्यक

१९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं कापल्यानंतरचं वजन किती भरेल, यावर पैजा लागल्या. सुमारे आठशे तिकिटं. फ्रान्सिस गॉल्टननं ती सगळी मागवून ओळीनं लावली आणि मधलं तिकीट काढलं. खऱ्या वजनात आणि त्यात एक टक्काही फरक नव्हता. पैज लावणाऱ्यांत खाटीक होते तसे नुसते हौशीही होते. कुणी खूप वर गेला, कुणी खूप खाली, मध्यक जागेवर राहिला.

वृत्तालेखाचा बाप

स्तंभालेख १७८६ मध्ये आणि वृत्तालेख १८०१ मध्ये पुस्तकात आणणारा विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश माणूस एके काळी वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे नकाशे काढायला होता. १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं वर्तुळाच्या पाकळ्या रंगवून दाखवून दिलं की क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले. कंपास आणि रंग घेऊन केलेलं ते युद्धच होतं.

एसटीची सरासरी

जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी ५०? नाही, ४८. हळू जाताना रस्त्यावर जास्त वेळ गेला, म्हणून त्या वेगाचं वजन जास्त. अंतर किती? द धरा. शेवटी तोही उडतो.

वजा उत्तर खोडू नका

आता शेवटचं प्रकरण, ऋण उत्तरांचं. भास्कराचार्यांनी माकडांचं एक उदाहरण घातलंय. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत शिरली आणि एक फांदीवर दिसतंय. एकूण किती? वर्गसमीकरण दोन उत्तरं देतं, ५० आणि ५. आचार्य दोन्ही सांगतात आणि पाचाला नकार देतात, कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले तर उणे दोन माकडं, आणि लोकांना हे पटत नाही.

आता हे सोडवा. आई मुलापेक्षा २१ वर्षांनी मोठी आहे. सहा वर्षांनी तिचं वय मुलाच्या पाचपट होईल. तर मुलाचं आजचं वय किती?

समजा, मुलाचं वय क्ष. मग क्ष + २७ बरोबर ५ (क्ष + ६). म्हणजे ४ क्ष बरोबर उणे ३. क्ष बरोबर उणे पाऊण वर्ष.

गणित चुकलेलं नाही. उणे पाऊण वर्ष म्हणजे बरोबर नऊ महिने आधी. आई-बाबांना शुभेच्छा द्या आणि बाळासाठी झबलं-टोपडं शिवायला टाका!